वर्षाच्या आत बसवलेली कॅप

“रूट कॅनॉल चांगलं झालेलं आहे, मॅडम. पण दाढ तुटली आहे.”

डॉक्टरांनी एक्सरे पडद्यावर मोठा केला. खालच्या जबड्यातली उजवीकडची मोठी दाढ. तिची दोन मुळं आणि मुळांच्या मधून खाली उतरलेल्या पांढऱ्या रेघा. सात महिन्यांपूर्वी आतली नस काढून तिच्या जागी जे भरलं होतं, त्याच्या त्या रेघा. तिथवर सगळं जागच्या जागी होतं. वर मात्र गालाकडची भिंतच नव्हती. अर्धं घर पडावं आणि आतली खोली रस्त्यावरून दिसावी, तसं ते दिसत होतं.

“वाचेल का?” मी विचारलं.

“आज सांगता येणार नाही. चीर फक्त वरच्या भिंतीत असेल तर वाचेल. मुळात उतरली असेल तर काढावी लागेल. आतलं सगळं भरण काढून बघितल्यावरच कळेल. आणखी थांबलात तर मात्र बघायलाही काही उरणार नाही.”

डॉक्टर तरुण होत्या, माझ्या ग्रंथालयात येणाऱ्या मुलींहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या. रागावल्या नाहीत. माझी जुनी फाईल उघडून एवढंच म्हणाल्या, “आम्ही चार फोन केले होते.”

ते खरं होतं. चारही फोन मी घेतले होते.

ज्यांचं रूट कॅनॉल नुकतंच झालं आहे आणि दुखणं थांबलं म्हणून जे निवांत घरी बसले आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. माझ्या हातून जे झालं त्याचं कारण थोडं वेगळं होतं, पण चूक नेहमीचीच होती.

मी नागपूरला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. नंदनवनात राहते. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. माझे यजमान, सुधाकर, मागच्या श्रावणात गेले. माझं रूट कॅनॉल शनिवारी पूर्ण झालं आणि ते मंगळवारी सकाळी गेले. फिरायला निघताना बूट घालायला खाली वाकले, ते उठलेच नाहीत. गुरुवारी माझ्या कॅपचं माप घ्यायचं ठरलं होतं.

शनिवारी डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं, हे मला आठवतं. नस काढलेल्या दाढेत मधोमध मोठी पोकळी झालेली असते. आधी कीड, मग ती काढताना कोरलेला भाग. भिंती पातळ होतात. चावताना दाढेवर बराच दाब येतो आणि तो दाब भिंतींना बाहेरच्या बाजूला रेटतो. म्हणून वरून सगळ्या भिंती एकत्र धरून ठेवणारं काहीतरी लागतं. शिवाय त्या दिवशी घातलेलं भरण तात्पुरतं होतं. ते झिजतं, कडेनं सुटतं, लाळ आत शिरते, आणि लाळेबरोबर जंतू. “दोन आठवड्यांच्या वर ठेवायचं नाही,” असं त्या म्हणाल्या होत्या. सुधाकर बाहेर बसले होते. गाडीवर बसल्यावर मी त्यांना हे सांगितलं आणि ते म्हणाले, “मग गुरुवारी सुटी टाकतो.”

तेरवी झाली. पाहुणे परतले. पाच-सहा दिवसांनी दवाखान्यातून पहिला फोन आला.

आमच्या घरात रीत अशी की, माणूस गेल्यावर वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात नवं काही आणायचं नाही. सण करायचे नाहीत. पापड, कुरडया, लोणचं घालायचं नाही. ते शेजारचे किंवा नातेवाईक आणून देतात. नवं लुगडं, नवी चप्पल नको. अंगावर नवं काही चढवायचं नाही, बाईनं तर नाहीच. मी अशा गोष्टी मानणारी नाही. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या ज्या बाईचा मुलगा गेला आहे, तिच्या घरात राहून मी मोडणारीही नाही.

फोनवर हात ठेवून मी त्यांना विचारलं, “आई, दातावर टोपी बसवायची राहिली आहे. बसवू का?”

त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. वळल्या नाहीत. म्हणाल्या, “नाई वं. वर्षाच्या आत नवं काही अंगावर नको चढवू.”

मी फोनवर सांगितलं, पुढच्या श्रावणानंतर येते.

इथे मला प्रामाणिक राहिलं पाहिजे. तो नकार ऐकून मला बरं वाटलं होतं. त्या खुर्चीत पुन्हा जाऊन बसायचं, आणि बाहेर कोणी बसलेलं नाही हे माहीत असायचं, ते मला नको होतं. रीत आयती हाताशी आली आणि मी तिच्या आड बसले. सासूबाईंचं नाव पुढे करून दवाखान्याचे पुढचे तीन फोनही परतवले.

दाढ दुखत नव्हती. हीच त्यातली फसवणूक. नस काढलेल्या दाढेला कीड लागली, भरण गळलं, तडा गेला, तरी ती ओरडत नाही. मला एवढंच जाणवत होतं की उजवीकडे घास नेला की काहीतरी हलल्यासारखं वाटतं. म्हणून मी डावीकडे चावायला लागले. एका बाजूनं जेवायला वेळ लागतो, जबडा थकतो. मग माणूस कमी जेवतो.

फाल्गुन संपत आला होता. ग्रंथालयात दुपारचा डबा खाताना भातात खडा लागला. काढून पाहिला, तर तो पिवळसर पांढरा होता आणि त्याची एक बाजू गुळगुळीत होती. जिभेनं चाचपलं तेव्हा दाढेच्या जागी कडा लागली, जीभ कापेल अशी. भात मऊ होता. लोकांना वाटतं, दाढ सुपारीनं तुटते. माझी वरण-भातानं तुटली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. तिथे जे ऐकलं ते सुरुवातीला लिहिलं आहे.

डॉक्टरांनी कागदावर दाढेचं चित्र काढून मला सगळे मार्ग सांगितले. तो कागद मी मागून घेतला.

रूट कॅनॉल झालेल्या प्रत्येक दाताला कॅप लागतेच असं नाही, हे मला तेव्हा प्रथम कळलं. समोरचा दात असेल, त्याला मागून लहानसं भोक पाडून नस काढली असेल आणि बाकी दात शाबूत असेल, तर कॉम्पोझिट म्हणजे दातांच्या रंगाचं पक्कं भरण पुरतं. दाढांचं तसं नसतं, त्या दळायचं काम करतात. दाढेच्या भिंती जाड आणि उभ्या असतील तर ऑनले बसवता येतो. ऑनले म्हणजे अर्धी टोपी. चावायचा पृष्ठभाग आणि दाढेची टोकं तेवढी झाकते, बाकीचा दात कोरावा लागत नाही. “तुम्हाला त्या गुरुवारी मी बहुतेक हेच सुचवलं असतं,” डॉक्टर म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

आता ऑनले शक्य नव्हता. आता पोस्ट, कोअर आणि क्राउन. क्राउन म्हणजे आपण जिला कॅप म्हणतो ती, दाढेला सगळीकडून झाकणारी. पण कॅपला आत धरायला काहीतरी लागतं. दाढ एवढी तुटलेली असली की आधी आत पक्क्या भरणाचा खुंट उभारतात, तो कोअर. आणि खुंटालाच आधार नसेल तर मुळाच्या नळीत काचतंतूंची एक बारीक काडी चिकटवतात, ती पोस्ट. माझी समजूत होती की काडीनं दात मजबूत होतो. डॉक्टरांनी मान हलवली. काडी फक्त खुंट धरून ठेवते. मुळाला तिच्यामुळे बळ येत नाही. उलट ती बसवण्यासाठी मूळ जास्त कोरलं तर ते कमकुवत होतं. म्हणून गरज असेल तरच काडी.

बळ येतं ते फेरूलमुळे. हा शब्द मी दोनदा विचारून घेतला. कॅपच्या खालच्या कडेनं खऱ्या दाताचा दोनेक मिलिमीटरचा पट्टा चहूबाजूंनी कवेत घ्यायला हवा, त्याला फेरूल म्हणतात. पोळ्याला बैलाच्या शिंगांवर पितळी शेंब्या बसवतात. शेंबी नुसत्या टोकावर टेकवली तर पहिल्याच झटक्याला पडते. खाली शिंग कवेत घेऊन बसली तर राहते. मी हे उदाहरण दिलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार.”

माझ्या दाढेला गालाकडून तो पट्टा नव्हता. तिथे ती हिरडीच्या खाली तुटली होती. त्यासाठी क्राउन लेंग्थनिंग करावं लागणार होतं. म्हणजे हिरडी आणि तिच्याखालचं थोडं हाड कमी करून दात उघडा करायचा. आणि सात महिने लाळ आत झिरपत होती, त्यामुळे मुळंही पुन्हा साफ करून भरायची.

दुसरा रस्ता होता, दाढ काढून टाकायचा. मग एक तर शेजारचे दोन चांगले दात कोरून तिघांचा मिळून ब्रिज, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या टोप्या, करायचा, नाही तर हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, म्हणजे इम्प्लांट. इम्प्लांटला मी घाबरत नव्हते. “तेही चांगलं असतं,” डॉक्टर म्हणाल्या, “पण स्वतःचं मूळ वाचत असेल तर आधी ते वाचवून बघावं. काढायचं काम कधीही करता येतं.”

मी वर्षश्राद्धापर्यंत पाच महिने थांबता येईल का, असं विचारलं. त्या नाही म्हणाल्या. दोन दिवसांत कळवा.

घरी आले तेव्हा सासूबाई ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. गावाहून आलेली चिंच त्यांच्या एका बाजूला, चिंचोके दुसऱ्या बाजूला. मी कपडे बदलून समोर बसले आणि चिंचेचं एक बोटूक हातात घेतलं. कसं काढायचं ते मनात जुळवत होते. त्यांना न सांगता दाढेचं काम करून घेता आलं असतं. तोंडाच्या आत कोण बघतं? पण गाल सुजला असता, आणि एकाच घरात राहून खोटं बोलणं मला जमत नाही.

त्यांनीच सुरुवात केली. “दवाखान्यात गेली होती का वं?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मी कवाची पाहून राहिली. एकाच बाजूनं चावून राहिली तू. काल तं पोळी पाण्यात बुडवून खाल्ली. काहून?”

मी सगळं सांगितलं. तात्पुरतं भरण, तुटलेली भिंत, पाच महिने थांबता येणार नाही हेही. आणि शेवटी, शक्य तितक्या हळू आवाजात, “आई, मी तुम्हाला विचारलं होतं तेव्हा तुम्ही नको म्हणाला होता.”

त्यांचा हात थांबला. “कवा?”

“तेरवीनंतर. पाच-सहा दिवसांनी.”

“तवा मी शुद्धीत होती का?” त्या म्हणाल्या. “तवा मले कोनी येऊन इचारलं असतं, आजी पानी पिऊ का, तरी मी नाईच म्हटलं असतं. आन तू ते धरून बसली.”

मी हातातलं बोटूक फोडायला घेतलं.

“तुहा सासरा गेला, तवा दीड महिन्यात मी चष्मा बदलला. नवा नव्हता का तो? कोनाले इचारलं नाई मी. दिसत नव्हतं, घातला. एवढी पुस्तकं वाचते वं तू, आन दातासाठी मले इचारत बसते.”

“तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं.”

“मले वाईट वाटलंच. पन कायचं, ते माहीत आहे का तुले?” त्यांनी चिंचेचं रिकामं टरफल बाजूला टाकलं. “मले वाटलं, तू त्याच्या दुःखानं जेवत नाई. अर्धी पोळी खाते आन उठते. मी म्हटलं, सून अर्धी पोळी खाते, आन मी माय असून एक खाऊ? म्हनून मीबी अर्धीच खाऊन राहिली. सात महिने झाले.”

मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. रोज समोरासमोर बसून जेवत होतो आम्ही. त्या माझ्यामुळे उपाशी होत्या आणि मी माझ्या दाढेमुळे, आणि दोघींनाही वाटत होतं की समोरची शोक करते आहे. शोक होताच. पण सगळाच तो नव्हता.

“दात दुखत होता तं सांगायचं होतं ना,” त्या म्हणाल्या.

“दुखत नव्हता, आई.”

“मंग तं लयच झालं.” आणि त्या थोड्या हसल्या. घरात त्या वर्षात मी ते पहिल्यांदा पाहिलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, “त्याच्या नावानं दुखनं नको काढू वं. त्याले आवडलं नसतं. उद्याच जाय.”

मी दुसऱ्या दिवशी गेले.

आत बोलवायला वेळ होता. प्रतीक्षा खोलीत माझ्या शेजारी नागपूरजवळच्या वाडीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीत काम करणारे एक गृहस्थ बसले होते. पन्नाशीचे, गालाला रुमाल लावलेला. त्यांना गप्प बसवत नव्हतं.

“मॅडम, तुमचं काय?”

“दाढ तुटली आहे. वाचते का ते बघायचं आहे.”

“काढून टाका ना. झंझट खतम. मी दोन काढल्या, एकदम मस्त राहून राहिलो.”

“मग आज कसे आलात?”

“तिसरीसाठी,” ते म्हणाले. मग त्यांनाच हसू आलं. “काढली तिच्यावरची दाढ खाली लटकून राहिली. डॉक्टर म्हणते, तिले अडवाले खाली कोनी उरलं नाही. बाजूचीबी वाकून राहिली तिकडं. अन् वरून तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा म्हणते. खर्रा सोडला तर वाडीत मले ओळखीन कोन?”

दात काढून जागा तशीच मोकळी सोडली तर काय होतं, ते मला त्यांच्याइतकं चांगलं कोणत्याच पुस्तकानं सांगितलं नसतं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. नस नाही तर भूल कशाला, असं मी विचारलं. हिरडी आणि आजूबाजूचं जिवंत आहे, त्यासाठी. मग दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, त्यातून फक्त ती दाढ वर आली. आत लाळ जाऊ नये म्हणून. जुनं भरण निघालं. त्यांनी दाढेत निळ्या रंगाचे थेंब सोडले, थोड्या वेळानं धुऊन काढले आणि भिंगाचा चष्मा खाली ओढून आत बघू लागल्या. तडा असेल तर त्यात तो रंग अडकून राहतो.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी छताकडे पाहत होते. त्या वेळी मला त्या दाढेबद्दल जे वाटलं त्याचं मला नवल वाटतं. एक दाढ. नसती तरी माणूस जगतो. पण ती गेली असती तर मी स्वतःला माफ केलं नसतं, आणि घरी गेल्यावर सासूबाईंनीही स्वतःला केलं नसतं. त्यांनी नको म्हटलं आणि दात गेला, हे त्यांच्या मनातून कोणीही काढू शकलं नसतं.

“चीर भिंतीत आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “तळापर्यंत आलेली नाही. मुळं चांगली आहेत. करू या आपण.”

तोंडात रबराचा पडदा होता, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. मी हात वर केला. त्यांना वाटलं दुखतंय, म्हणून त्या थांबल्या.

पुढचं काम संथ होतं आणि सांगण्यासारखं फारसं नाही. दोन बैठकींत मुळं पुन्हा साफ करून भरली. मागच्या मुळात काडी बसवली, कोअर उभारला. मग हिरडीची शस्त्रक्रिया. तिची मला भीती होती. प्रत्यक्षात पाऊण तास लागला आणि तीन टाके. दोन दिवस सूज राहिली. घरात पातळ वरण, ज्वारीच्या कण्यांची पेज, दहीभात. सासूबाईंनी स्वतःसाठीही तेच केलं तेव्हा मी हरकत घेतली, आणि त्यांनी मला सांगितलं की त्यांना पेज आवडते, माझ्यासाठी नाही खात. टाके नवव्या दिवशी निघाले. हिरडी आपल्या जागी स्थिर व्हायला दीड महिना लागतो, तोवर तात्पुरती प्लॅस्टिकची कॅप. या वेळी मी तारखा चुकवल्या नाहीत.

कॅप कशाची, हे डॉक्टरांनी मला ठरवू दिलं. धातूची सर्वात टिकाऊ, पण दिसते. धातूवर चिनीमातीचा थर दिलेली अनेक वर्षं चालत आलेली. कधीकधी तिचा थर निघतो आणि हिरडीशी काळसर रेघ दिसते. झिरकोनिया पांढरी आणि कठीण. मी झिरकोनिया घेतली. रंग ठरवायला त्यांनी पंख्यासारखी दातांच्या नमुन्यांची माळ काढली, प्रत्येकावर अक्षर आणि आकडा. वर्गीकरणाचे आकडे वाचण्यात माझं आयुष्य गेलं आहे. मी एक उजळ नमुना दाखवला. डॉक्टर म्हणाल्या, “तो तुमच्या बाकीच्या दातांत बसणार नाही. त्यांचं वय धरून घ्या.” मग आम्ही जरा पिवळसर घेतला. आता कोणती खोटी, ते मलाही आरशात शोधावं लागतं.

ज्येष्ठात कॅप बसली. वर्षश्राद्धाला दोन महिने बाकी होते.

डॉक्टरांनी निळा कागद दातांत धरायला दिला. “चावा. डावीकडे, उजवीकडे. उंच लागते का?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नक्की? तुम्ही सोसून घेता, मॅडम. कॅप उंच राहिली तर रोज प्रत्येक घासाला मूळ ठेचलं जाईल.”

“नस नाही, तर मला कळेल कसं?”

“कळतं. मुळाभोवती पडदा असतो, तो जिवंत आहे. त्याला दाब कळतो. घाई करू नका, नीट चावून बघा आणि सांगा.”

मी पुन्हा चावलं. डोळे मिटून, हळूहळू. खरंच, मागच्या कोपऱ्यात, वाळूच्या कणाएवढं काहीतरी आधी टेकत होतं.

“मागे थोडी लागते,” मी म्हणाले.

त्यांनी घासली. पुन्हा कागद. “अजून?”

“अजून थोडी.”

असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मला संकोच वाटला नाही. दातावर दात सारखे बसले तेव्हा मला माझा जबडा आठवला, तो कसा असायचा ते.

आता सहा महिन्यांनी एक्सरे काढून बघायचं आहे. कॅप लागली म्हणजे कीड लागत नाही असं नाही; कॅपच्या कडेला, हिरडीशी, ती पुन्हा लागू शकते. म्हणून रोज रात्री दातांच्या फटींतून दोरा फिरवायचा. मी फिरवते. ही दाढ किती वर्षं टिकेल, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नीट सांभाळली तर बरीच वर्षं, एवढं त्या म्हणाल्या, आणि मला ते पुरेसं आहे. तुमचं रूट कॅनॉल झालं असेल तर भरण पक्कं करून घ्या, कॅप लागणार का ते विचारा, आणि ज्या दिवशी बोलावलं असेल त्या दिवशी जा. घरात काहीही घडलेलं असलं तरी जा. त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. मी चार फोन परतवले तरी त्यांनी माझी फाईल जपून ठेवली होती.

कॅप बसवून घरी आले तेव्हा दुपारचे दीड वाजले होते. सासूबाई जेवायच्या थांबल्या होत्या. त्यांनी भरली वांगी केली होती, कितीतरी महिन्यांनी. आम्ही बसलो. मी उजवीकडे घास नेला आणि चावला.

“काय म्हणते दात?” त्यांनी विचारलं.

“दात चांगला आहे, आई. वांग्यात मीठ कमी आहे.”

तीस वर्षांत मी त्यांच्या स्वयंपाकाला असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी मान वर केली, एक वांगं फोडून चाखलं आणि थोडा विचार केला.

“हाय खरं,” त्या म्हणाल्या. “मंग मले काहून पाहून राहिली? मीठ तुह्याच हाताशी आहे. घे, आन इकडं दे.”